गिऱ्हाइकाची बोली



व्यापार हा काही माझा प्रांत नाही. माझा व्यवहार शब्दांशी. पण अलीकडे व्यापारही शब्दांवर येऊन ठेपला आहे. बाजारात दुकानदाराचा चेहरा दिसतो, माल हाताळता येतो, मापात खोट वाटली तर तिथंच बोलता येतं. इंटरनेटवरच्या दुकानात असतं एक छायाचित्र आणि चार ओळी. गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा तो त्या चार ओळींवर. त्या कुणाच्या भाषेत आहेत, हा प्रश्न नफ्यातोट्याचा आहेच; पण त्याआधी तो मानाचा आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या निमित्तानं आज हे पाहू.

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा. स्पेन, मेक्सिकोपासून थेट अर्जेंटिनापर्यंत वीस देशांचा कारभार तीत चालतो. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवणारे ६ कोटी २१ लाख लोक नोंदले गेले. तिथं घरात स्पॅनिश बोलणारेच चार कोटींच्या आसपास आहेत. हे आकडे पाहिले की व्यापाऱ्याला वाटतं, इंग्रजी मजकूर यंत्रात घालावा, स्पॅनिश बाहेर काढावा, झालं काम! इथंच गाडं अडतं.

आपला साधा टी-शर्ट घ्या. स्पेनमध्ये तो 'कामिसेता', मेक्सिकोत 'प्लायेरा', अर्जेंटिनात 'रेमेरा' आणि चिलीत 'पोलेरा'. गिऱ्हाईक शोधताना आपलाच शब्द टाइप करणार. दुकानात दुसराच शब्द असेल, तर माल समोर असून सापडायचा नाही. स्पेनमध्ये 'घेणे' या अर्थानं सर्रास वापरलं जाणारं एक क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारू नये असं आहे. यंत्राला त्याची लाज नसते. दुकानदाराला असायला हवी.

शब्दांचं राहू द्या, आकडेही फसवतात. एक लिहून पुढं टिंब आणि मग पाच-शून्य-शून्य, हा आकडा स्पेनमध्ये वा अर्जेंटिनात दीड हजार वाचला जाईल; मेक्सिकोत तोच नुसता दीड. कारण हजार आणि दशांश दाखवणाऱ्या खुणा दोन्हीकडे उलट. ज्या खुणेला आपण डॉलरची म्हणतो, तीच मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात पेसोची. चलनाचं नाव स्पष्ट लिहिलं नाही, तर भांडण ठरलेलं. उद्या आपल्याकडचा एखादा तरुण कोल्हापुरी चपला तिकडं पाठवू म्हणेल, तर त्याला हेही ठाऊक हवं की स्पेनमध्ये चपलेचं माप युरोपीय आकड्यात चालतं, चाळीस-एकेचाळीस असं. मेक्सिकोत सेंटिमीटरमध्ये, पंचवीस-सव्वीस असं. सणासुदीची सवलतही कॅलेंडर पाहून द्यावी. मेक्सिकोत मातृदिन १० मे रोजी, स्पेनमध्ये मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, अर्जेंटिनात ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी. आणि डिसेंबरात ब्युनोस आयरिसला लोकरी कोट विकायला जाऊ नये. तिथं तेव्हा उन्हाळा असतो.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण तोलूनमापून वापरतो. स्पॅनिशमध्येही सलगीचं 'तू' आणि अदबीचं 'उस्तेद' आहे. उच्चारानं त्यांचा 'तू' आपल्या 'तू'सारखाच, हा गोड योगायोग. अर्जेंटिनात मात्र त्या 'तू'च्या जागी 'वोस' म्हणतात, आणि कोलंबियाच्या बोगोटात जवळची माणसंही एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना आढळतात. इंग्रजीत एक 'यू' टाकला की सुटका होते. इथं प्रत्येक वाक्यात गिऱ्हाइकाशी नातं ठरवावं लागतं.

भाषेइतकीच रीत महत्त्वाची. मेक्सिकोत क्रेडिट कार्ड नसलेले वा ते इंटरनेटवर द्यायला कचरणारे पुष्कळ. तिथं 'ऑक्सो' नावाची किरकोळ दुकानांची साखळी आहे. वीस हजारांहून अधिक दुकानं. माल घरबसल्या मागवायचा, मिळालेला क्रमांक घेऊन कोपऱ्यावरच्या ऑक्सोत जायचं आणि रोख पैसे भरायचे. ही रीत ज्यानं ओळखली, त्याला ते गिऱ्हाईक मिळालं.

१९९९ साली अर्जेंटिनात मार्कोस गाल्पेरिन यांनी सुरू केलेलं 'मेर्कादो लिब्रे' हे इंटरनेटवरचं दुकान याचं बोलकं उदाहरण. नावाचा अर्थ खुला बाजार. अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे कोण देणार, ही तिथली अडचण. म्हणून माल हाती पडेपर्यंत पैसे मध्यस्थाकडं राखून ठेवण्याची सोय 'मेर्कादो पागो'तून झाली. ईबेसारख्या बलाढ्य अमेरिकी कंपनीनं २००१ साली त्यात सुमारे एक पंचमांश हिस्सा घेतला. २००७ साली मेर्कादो लिब्रे अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात दाखल झाली. माणसाचा अविश्वास समजून घेऊन त्यावर उपाय काढला, तो फळला.

आणि पत्ता? निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात आजही अमक्या ठिकाणापासून तळ्याच्या दिशेला दोन चौक, असा पत्ता सांगतात. कधी कधी ते ठिकाणही उरलेलं नसतं. १९७२ च्या भूकंपात जुनं शहर उद्ध्वस्त झालं, पण खुणा लोकांच्या तोंडी राहिल्या. पिंपळाच्या पारापासून डावीकडं वळा, असं सांगणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. परकं वाटतं ते पिनकोडावाचून पुढं न सरकणाऱ्या फॉर्मला.

एक गोष्ट मात्र मला खरोखर बोचते. विकताना स्पॅनिश आणि तक्रार ऐकताना इंग्रजी, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. जाहिरात गोड बोलीत. वस्तू फुटकी निघाली की उत्तर परक्या भाषेत. पैसे घेण्यापुरती भाषा वापरणं हा भाषेचा आदर नव्हे. परत करण्याचे नियम, जकातीचा बोजा, दाद मागण्याची जागा, हे सगळं गिऱ्हाइकाच्या भाषेत आधीच सांगितलं, तरच ते दुकान त्याचं.

जकातीवरून आठवलं. स्पॅनिशमध्ये जकात कचेरीला 'आदुआना' म्हणतात. अरबी 'दीवान'वरून तो शब्द आला. राजदरबारातला आपला दिवाण त्याच घरातला आणि शायराचा कवितासंग्रह, तो दीवानही त्यातलाच. आपली शर्करा फारसी-अरबीतून फिरत तिकडं 'असुकार' झाली. 'असं घडो' या अर्थी स्पॅनिश माणूस 'ओहाला' म्हणतो. त्यात 'अल्लाची मर्जी असेल तर' हे अरबी शब्द दडले आहेत. हे शब्द तिथं पोचले त्यात व्यापाऱ्यांचाही वाटा होता. माल घेऊन जाणारी माणसं तेव्हाही दुसऱ्याची भाषा शिकत होती.

भारतातली मोठी ऑनलाइन दुकानं २०२०-२१ च्या सुमारास मराठीत दिसू लागली. पडदा मराठी झाला, चांगलं झालं. तक्रारीचं उत्तर मराठीत मिळतं का, हे आपणही विचारलं पाहिजे. मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकाचा हक्क तो आपलाही हक्क. आणि आपण विकायला बसलो, तर तेच आपलं कर्तव्य.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)