आईच्या बोटाला जमेल असं बटण

मोबाइलवरची अ‍ॅप तयार करणं हा माझा मुंबईतला व्यवसाय. माझी आई रत्नागिरीजवळ मिरजोळ्यात एकटी राहते. वय ७८. तिच्यासाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. लाल बटण दाबलं, की ती कुठे आहे हे मला कळणार. मी निर्धास्त झालो.

जुलैत एका सकाळी फुलं काढताना ओल्या जांभ्यावरून तिचा पाय घसरला. मनगट मोडलं. फोन जवळच होता. तिनं बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना आली : आधी नवी आवृत्ती घ्या! त्यात वीज गेलेली, इंटरनेट बंद. शेवटी तिची हाक ऐकून शेजारच्या काकी धावल्या. मला कळलं ते संध्याकाळी.

पुढचे आठ दिवस मी तिच्याजवळ राहिलो. तिचे हात प्रथमच नीट पाहिले. कोरडी बोटं पडद्याला जाणवत नाहीत. हात थरथरतो, म्हणून शेजारचंच बटण दाबलं जातं. राखाडी अक्षरं तिला दिसत नाहीत. सर्वांत मोठी भीती वेगळीच : ‘चुकून काही दाबलं आणि बँकेतले पैसे गेले तर?’

मग सगळं मोडून पुन्हा केलं. एकच मोठं बटण, मराठी अक्षरं, पासवर्ड नाही. चुकून दाबलं तर रद्द करायला दहा सेकंद. इंटरनेट नसलं तर साधा एसएमएस. आणि पहिला फोन मला नाही, काकींना. साडेतीनशे किलोमीटरवरून मी काय करणार?

तुमच्या घरी असं अ‍ॅप नसलं तरी बिघडत नाही. ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो. २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ आकडा दाबून धरला, की मदतीसाठी फोन लागावा, असा नियम आहे. तुमच्या फोनवर कोणता आकडा चालतो, ते विक्रेत्याला विचारून ठेवा. टॉवरच बंद पडला तर? म्हणून आईच्या गळ्यात आता एक शिट्टीही आहे.

ती दिवसभर कुठे असते हे मला दाखवणारी सोय मात्र तिनं काढायला लावली. म्हणाली, ‘‘पडले तर सांगेन. देवळात किती वेळ बसले, ते तुला कशाला रे?’’

मी ती काढून टाकली.