सत्ता, धर्मपीठ आणि नागरिक

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. त्या वेळी भारतातील ख्रिस्ती समाज काय करीत होता, या प्रश्नाचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. बहुतेक धर्मगुरू गप्प राहिले, आणि काहींनी तर शिस्त आल्याबद्दल शासनाचे अभिनंदनही केले. आगगाड्या वेळेवर धावू लागल्या, हे समाधान व्यासपीठांवरून ऐकू येत होते. धर्मपीठांनाही ते पुरेसे वाटावे, हे नवलच म्हणावयाचे.

मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, स्थिती थोडी निराळी होती. ३१ जानेवारी १९७६ रोजी द्रमुकचे मंत्रिमंडळ बरखास्त होईपर्यंत त्या राज्यात आणीबाणीचा जाच तुलनेने सौम्य होता. याच शहरातून निघणाऱ्या 'गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात एम. एम. थॉमस लिहीत. थॉमस पुरोहित नव्हते. मार थोमा चर्चचे ते एक साधे सभासद. मात्र जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्षपद त्यांनी १९६८ ते १९७५ या काळात सांभाळले होते. आणीबाणीत त्यांनी केलेले लेखन पुढे १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याच चर्चचे प्रमुख युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आणीबाणी उठविण्याची विनंती केली. इतक्या मोठ्या पदावरील ख्रिस्ती धर्मगुरूंत असे करणारे ते जवळजवळ एकटेच.

बाकीचे गप्प का राहिले? भित्रेपणा हे उत्तर सोपे, पण अपुरे आहे. चर्चच्या हाती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये होती, जमिनी होत्या, परदेशातून पैसा येत होता. १९७६ मध्येच परकीय देणग्यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ असते, तो सत्तेशी बोलताना आवाज खाली आणतो. अल्पसंख्याकांनी राज्यकर्त्यांच्या कृपेत राहावे, ही जुनी सवयही होतीच. आपल्या संस्था सुरक्षित राहिल्या की आपला धर्म सुरक्षित राहिला, असे नेत्यांना वाटू लागले. शेजाऱ्याला रात्री उचलून नेले जाते, हा मग त्यांचा विषय उरत नाही.

ही टीका मद्रासला नवी नव्हती. १९३८ साली पी. चेंचय्या, व्ही. चक्करै आदींनी 'रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया' या ग्रंथात, परक्या मुशीतून आलेली संस्थात्मक चर्च भारतात अपरिहार्य आहे काय, असाच प्रश्न विचारला होता. चक्करै हे स्वातंत्र्यलढ्यात आणि कामगार चळवळीत वावरलेले गृहस्थ. नागरिकपण त्यांना प्रवचनातून शिकावे लागले नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे १९७५ चे कऱ्हाडचे साहित्यसंमेलन आठवेल. अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांच्या पाठीशी कोणतेही पीठ नव्हते, कोणतीही मालमत्ता नव्हती, आणि त्या बोलल्या.

थॉमस १९९० मध्ये नागालँडचे राज्यपाल झाले. १९९२ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानुसार त्यांनी विधानसभा विसर्जित केली. दिल्लीला आधी विचारले नाही. केंद्राने त्यांना पदावरून दूर केले.