एका उणे चिन्हाने हरवलेला टेलिस्कोप

(पॉडकास्टच्या या भागाचा हा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'अं' वगैरे काढलेत.)

 

आज मी एका फाइलबद्दल बोलणार आहे. साधी टेक्स्ट फाइल. चाळीस-पन्नास ओळींची. तुमच्या फोनमधल्या एका सेल्फीच्या शंभराव्या भागाएवढीसुद्धा नाही. पण कित्येक टेराबाइट डेटामधून काय वाचणार आणि काय कायमचं पुसलं जाणार, हे ती फाइल ठरवते. आणि अशीच एक फाइल चुकीची लिहून मी एका व्यवस्थित चालणाऱ्या टेलिस्कोपला जवळजवळ 'बिघडलेला' ठरवून टाकलं होतं. ती गोष्ट सांगते, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मी जुन्नर तालुक्यातली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, तेव्हा तिथे प्रदर्शन भरतं. आमची शाळा आम्हाला घेऊन गेली होती. मी तिथल्या एका दादांना विचारलं, "यातली कोणती डिश फोटो काढते?" ते हसले आणि म्हणाले, "एकटी कुठलीच नाही. सगळ्या मिळून काढतात."

तेव्हा काही कळलं नाही. आता कळतं, की त्या 'सगळ्या मिळून'मागे एक यंत्र असतं. त्याला म्हणतात कोरिलेटर.

कोरिलेटर करतो काय?

समजा गणपती विसर्जनाची मिरवणूक आहे. तुम्ही लक्ष्मी रोडच्या एका टोकाला उभे राहून ढोल रेकॉर्ड करताय, तुमची मैत्रीण दुसऱ्या टोकाला. घरी आल्यावर दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक ठेवली तर जुळणार नाहीत, कारण आवाज एकाकडे आधी पोचला आणि दुसरीकडे नंतर. मग तुम्ही एक रेकॉर्डिंग थोडं मागे-पुढे सरकवता. एका जागी आल्यावर ठोके बरोब्बर जुळतात. किती सरकवावं लागलं, त्यावरून ढोल कुठे होता याचा अंदाज येतो.

कोरिलेटर हेच करतो, फक्त ढोलाच्या जागी लांबची आकाशगंगा असते आणि सिग्नल ऐकायला नुसता खरखराट असतो. दोन अँटेनांचा सिग्नल घ्यायचा, योग्य तेवढा सरकवायचा, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीत फोडायचा, आणि एकमेकांशी गुणायचा. प्रत्येक जोडीसाठी. ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. जुळलं की जे शिखर दिसतं, त्याला आमच्या भाषेत 'फ्रिंज मिळाली' असं म्हणतात.

जीएमआरटीमध्ये अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या टापूत आहेत. सगळे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात आणि तिथल्या तिथे गुणले जातात.

पण टेलिस्कोप वेगवेगळ्या खंडांवर असतील तर? या पद्धतीला व्हीएलबीआय म्हणतात. प्रत्येक स्टेशनवर स्वतःचं अणुघड्याळ असतं, हायड्रोजन मेसर. प्रत्येक जण आपापला सिग्नल घड्याळाच्या शिक्क्यासह डिस्कवर रेकॉर्ड करतो, आणि मग तो डेटा कोरिलेटरकडे जातो. आठवतंय, २०१९च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं होतं? ती निरीक्षणं २०१७च्या एप्रिलमधली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावं लागलं, कारण तेव्हा विमानंच उडत नाहीत.

आता फाइलकडे येऊ

पीएचडी करताना मी काही महिने युरोपातल्या एका केंद्रात होते. तिथे मी एसएफएक्ससी नावाच्या सॉफ्टवेअर कोरिलेटरवर शिकले. हा प्रोग्राम मुळात नेदरलँड्समधला, ड्विंगेलू या गावातल्या जाइव्ह संस्थेचा. शनीच्या टायटन या चंद्रावर २००५मध्ये हायगेन्स यान उतरलं, त्याचा माग काढण्याच्या कामातून त्याची सुरुवात झाली.

त्याला दोन फाइली लागतात. पहिली, व्हेक्स फाइल. तिच्यात निरीक्षणाची सगळी कुंडली: कोणते टेलिस्कोप, कोणते स्रोत, कधी, कोणती फ्रिक्वेन्सी, आणि प्रत्येक स्टेशनचं घड्याळ किती पुढे-मागे आहे. दुसरी, कंट्रोल फाइल. ती जेसनमध्ये लिहितात. तुमच्यातल्या ज्यांनी वेब डेव्हलपमेंट केलंय त्यांना ती ओळखीची वाटेल. महिरपी कंस, अवतरण चिन्हं, स्वल्पविराम. शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला तरी प्रोग्राम सुरूच होत नाही.

कंट्रोल फाइलमध्ये काय सांगायचं? कुठून कुठपर्यंतचा वेळ घ्यायचा. कोणती स्टेशन्स घ्यायची; त्यांची दोन अक्षरी नावं असतात. डेटा कुठे ठेवलाय. निकाल कुठे लिहायचा. आणि दोन आकडे: फ्रिक्वेन्सीचे किती बारीक तुकडे करायचे, म्हणजे चॅनल्सची संख्या; आणि किती सेकंदांची सरासरी घ्यायची, म्हणजे इंटिग्रेशन टाइम.

वेळ लिहायची पद्धतही मजेशीर आहे. महिना-तारीख नाही, वर्षाचा कितवा दिवस ते लिहायचं. दिवस १४५ म्हणजे २०२३मध्ये २५ मे, पण २०२४ लीप वर्ष, म्हणून तिथे २४ मे. आणि वेळ नेहमी यूटीसी. भारतात बसून डोक्यात आयएसटी ठेवून लिहिलंत तर साडेपाच तास चुकलात.

दोन आकडे आणि आकाशाचा तुकडा

आता ते दोन आकडे का महत्त्वाचे, बघा.

समजा १० टेलिस्कोप, प्रत्येक जण सेकंदाला १ गिगाबिट रेकॉर्ड करतोय, आठ तास. एका स्टेशनचे ३.६ टेराबाइट, सगळ्यांचे मिळून ३६. हा कच्चा डेटा. आता १६ मेगाहर्ट्झच्या प्रत्येक पट्ट्याचे ६४ चॅनल्स आणि २ सेकंदांची सरासरी अशी फाइल लिहिली, तर निकाल येतो साधारण ११ जीबी. पेन ड्राइव्हवर मावेल. तेच १०२४ चॅनल्स आणि अर्धा सेकंद केलं, तर ६४ पट, म्हणजे सुमारे ७०० जीबी.

मग साहजिक वाटतं, लहानच बरं की! पण सरासरी घेतली की काहीतरी जातं. २५-३० मीटरची डिश १८ सेंटिमीटर तरंगलांबीवर आकाशात साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा गोल बघते. टेलिस्कोपांमधलं अंतर १०,००० किलोमीटर असेल आणि तुम्ही ६४ चॅनल्स, २ सेकंद लिहिलंत, तर मध्यापासून पंधरा-वीस आर्कसेकंदांपलीकडचं सगळं पुसट होत जातं. चंद्राच्या व्यासाच्या साधारण शंभराव्या भागाएवढंच अंतर. त्यापलीकडे काही असेल, तर ते डिशने बघितलेलं असतं, डिस्कवर रेकॉर्डही झालेलं असतं, पण तुमच्या फाइलने ते ठेवलं नाही.

मग नंतर पुन्हा करू? तिथेच तर अडचण आहे. कच्चा डेटा इतका मोठा असतो की तो कायमचा ठेवता येत नाही. त्याच डिस्क पुढच्या निरीक्षणाला लागतात. काम झालं की त्या पुसतात. कंट्रोल फाइलमध्ये जे मागितलं नाही, ते नंतर मागायला जागा उरत नाही.

आणि आता माझी चूक

तर असंच १० स्टेशन्सचं एक निरीक्षण माझ्याकडे आलं. सुरुवातीला एक तेजस्वी क्वेसार बघितलेला असतो, फक्त सगळं जुळतंय का ते तपासायला. त्याला फ्रिंज फाइंडर म्हणतात. मी फाइल लिहिली, प्रोग्राम चालवला, आलेख उघडले. नऊ स्टेशन्समध्ये सुंदर शिखरं. दहावं स्टेशन सपाट. काहीच नाही.

आणि ते सगळ्यात लांबचं स्टेशन होतं. चित्रातला बारकावा त्याच्यामुळेच येणार होता. ते गेलं तर ४५ जोड्यांपैकी ९ जाणार.

मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग ठरवलं, त्यांचाच रिसीव्हर बिघडला असणार. कंट्रोल फाइलमधून त्यांची दोन अक्षरं काढून टाकली, नऊ स्टेशन्सवर काम सुरू करायची तयारी केली, आणि त्या स्टेशनला ईमेलही लिहून ठेवला: तुमच्याकडून सिग्नल मिळाला नाही. डिस्क शुक्रवारी मोकळ्या करायच्या होत्या. तो बुधवार होता.

तिथे आमचा एक सीनिअर होता, मूळचा साताऱ्याचा. सगळे मराठी विद्यार्थी त्याला दादाच म्हणायचो. दुपारी चहा घेताना मी त्याला म्हटलं, "दादा, एक स्टेशन गेलंय."

तो म्हणाला, "गेलंय म्हणजे? ऑटो बघितलेस का?"

ऑटो म्हणजे स्टेशनचा सिग्नल त्याच्याच सिग्नलशी गुणून येणारा आलेख.

"बघितले. छान आहेत."

"मग रिसीव्हर जिवंत आहे की गं! तो बिघडला असता तर ऑटो छान कसे आले? ईमेल राहू दे. आधी तुझी फाइल दाखव."

फाइल बघून त्याने एवढंच सांगितलं: "चॅनल्स १०२४ कर. स्टार्ट-स्टॉप फक्त क्वेसारच्या एका मिनिटाचा दे. चालव."

हे का, ते सांगते. रेकॉर्डिंग मागे-पुढे सरकवून बघायला एक खिडकी असते, आणि तिची रुंदी चॅनल्सवर ठरते. १६ मेगाहर्ट्झचे ६४ चॅनल्स असतील तर खिडकी उणे २ ते अधिक २ मायक्रोसेकंद. १०२४ केले की उणे ३२ ते अधिक ३२. शिखर खिडकीच्या बाहेर असेल तर तुम्हाला सपाट रेषाच दिसणार. ढोल वाजतोय, पण तुम्ही पुरेसं सरकवलंच नाही.

मिनिटाभराचा डेटा, लगेच निकाल आला. शिखर उभं होतं! १०.४ मायक्रोसेकंदांवर.

दादाने विचारलं, "त्यांच्या लॉगमध्ये घड्याळाचा फरक किती लिहिलाय?"

मी बघितलं. ५.२.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बरोब्बर दुप्पट! ५.२ वजा करायचे तिथे मी ५.२ मिळवले होते.

झालं असं, की काही स्टेशन्स लॉगमध्ये 'जीपीएस वजा आमचं घड्याळ' लिहितात आणि काही 'आमचं घड्याळ वजा जीपीएस'. कोणती पद्धत आहे ते लॉगमध्येच लिहिलेलं असतं. मी आधीच्या नऊ स्टेशन्सच्या नादात तेच दहाव्यालाही लावलं. व्हेक्स फाइलमध्ये घड्याळाच्या ओळीत एक उणे चिन्ह चुकलं, बास. बाकीच्यांचे फरक इतके छोटे होते की खिडकीत मावले असते, पण याचा मावला नाही.

चिन्ह बदललं. ६४ चॅनल्सवर पुन्हा चालवलं. दहाव्या स्टेशनचं शिखर मधोमध.

मला आनंद झाला, पण लाजही वाटली. त्या स्टेशनवर कुणीतरी रात्रभर जागून निरीक्षण केलं होतं, घड्याळाची नोंद नीट ठेवली होती. आणि मी शुक्रवारी त्यांचा डेटा पुसू देणार होते, वर त्यांनाच दोष देऊन. तो ईमेल मी डिलीट केला. नंतर दुसरा पाठवला: तुमची फ्रिंज उत्तम आहे, आभार.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी

एक, फाइल लिहून झाली की दिवसाचा क्रमांक आणि यूटीसी मोठ्याने वाचते. खरंच मोठ्याने, शेजारचे हसतात.

दोन, पहिली चाचणी नेहमी एक-दोन मिनिटांची, आणि चॅनल्स भरपूर. खिडकी आधी मोठी, नंतर लहान.

तीन, घड्याळाचं चिन्ह प्रत्येक स्टेशनच्या लॉगमधून वेगळं तपासते. शेजारच्या ओळीवरून कॉपी नाही.

चार, चॅनल्स आणि सेकंद ठरवायच्या आधी ज्यांचं निरीक्षण आहे त्यांना विचारते: तुम्हाला आकाशाचा केवढा तुकडा हवाय?

पाच, निकालासोबत दोन्ही फाइली जपून ठेवते. दहा वर्षांनी कुणी विचारलं की हे असं का केलं, तर उत्तर त्या चाळीस ओळींतच असतं.

आणि सहावी, सगळ्यात अवघड. काही दिसलं नाही की 'त्यांचं बिघडलंय' म्हणायच्या आधी आपली फाइल उघडायची.

चला, आज इतकंच. पुण्याच्या आसपास असाल तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला नक्की जाऊन या. आणि तिथे एखादी छोटी मुलगी "फोटो कोणती डिश काढते?" विचारत असेल, तर तिला दोन फोन आणि ढोलाची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!