लिव्हरची गाठ परत येते तेव्हा

इथल्या, परदेशातल्या मंडळाचं भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय मीच सुचवला. इथून येणारे पुष्कळ फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: "डॉक्टर, बाबांची लिव्हरची गाठ काढली होती, ती परत आली. ऑपरेशन नीट झालं नव्हतं का?"

हा प्रश्न मला फार लागतो. यकृताच्या कर्करोगाचं ऑपरेशन उत्तम झालं तरी पाच वर्षांत दहापैकी साधारण सात जणांच्या यकृतात पुन्हा गाठ दिसते. शेतावर वाढलेल्यांना हे लगेच कळेल. हरळी खणून काढली तरी तिचं एखादं कांडं मातीत राहतं आणि फुटतं. कधी शेत अगदी स्वच्छ होतं, पण पुढच्या पावसात नवंच तण उगवतं, कारण जमीन तीच असते. दोन वर्षांच्या आत परतलेली गाठ बहुधा कांड्याची: मूळ गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांतून आधीच पसरलेल्या असतात. त्यानंतरची बहुधा जमिनीची: सिरॉसिसनं किंवा हिपॅटायटिस बीनं खराब झालेल्या यकृतात नव्यानं झालेली. म्हणून बीच्या विषाणूवरच्या गोळ्या ऑपरेशननंतरही बंद करायच्या नाहीत.

उशिरा आलेली, एकुलती, लहान गाठ पुन्हा कापून काढता येते. 3 सेंटीमीटरच्या आतली सुई घालून जाळताही येते. गाठी जास्त असल्या तर जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन गाठीपाशीच औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. रोग पुढे गेला असेल तर अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनांची जोडी. तिच्यानं रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून घ्यायच्या.

जमीनच बदलायची तर यकृतरोपण. ते कुणाला करायचं याचा 1996 पासूनचा मिलान निकष असा: एकच गाठ 5 सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी 3 सेंटीमीटरच्या आत.

भाषणात या टप्प्यावर एका ताईंनी विचारलं, रोपणासाठी भारतात न्यावं का? इथे मुख्यतः मृत दात्याच्या यकृताची वाट पाहावी लागते. भारतात बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी आपल्या यकृताचा भाग देतं. म्हणून तारीख लवकर मिळू शकते. पण एका निरोगी माणसाला टेबलावर घ्यायचं असतं, आणि गाठ ऑपरेशननंतर चार-सहा महिन्यांतच उलटली असेल तर मी घाई करू देत नाही. आधी उपचार देऊन तिची चाल बघावी.

औषधांच्या खर्चाचाही प्रश्न आला. 2012 मध्ये भारत सरकारनं सोराफेनिब या कर्करोगावरच्या गोळीचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपयांवरून 8,880 वर आला. नव्या इंजेक्शनांना अजून फार पैसे पडतात.

मागून एका काकांनी गुळवेलीच्या काढ्याचं विचारलं. काका, अजिबात नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. आधीच अर्धं थकलेलं यकृत ते सोसणार नाही, आणि बिलिरुबिन वाढलं की यातले बरेच उपचार हातचे जातात.

मला जरूर फोन करा. पण रिपोर्टचा फोटो नको. स्कॅनची सीडी, पहिल्या ऑपरेशनची तारीख आणि त्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हाताशी ठेवा. गाठीच्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरल्या होत्या का, हे त्यातच लिहिलेलं असतं.