गल्ली जागची हलू नये



केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न येतो, जुनं माळवद ठेवायचं की पाडायचं? पाडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली. आदल्या दिवशी गणपती बोळवून घरी निजलेली माणसं ती, बहुतेक आपल्याच भिंती-माळवदाखाली सापडली.

दगड तसा निरपराध. दोन-अडीच फुटांची भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण आतल्या-बाहेरच्या थरांना बांधून धरणारा आरपार दगडच नसायचा. वर लाकडावर माती. गळू लागलं की पावसाळ्याआधी आणखी पाटीभर माती टाकायची. ओझं वर्षानुवर्षं वाढत गेलं. जादा माती उतरवली, भिंतीत आरपार दगड बसवले आणि चौकटींच्या वरून सळईचा काँक्रीट पट्टा सगळीकडून फिरवला, तर तेच घर पुष्कळ सावरतं. जाणत्या माणसाला दाखवून मगच पाडायचं ठरवा.

भूकंपानंतर किल्लारीकडची 52 गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मानाने 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांचं घर, सरळ आखलेले रुंद रस्ते. घरं मजबूत झाली, यात वाद नाही. पण अशा आखणीत भावकी नि शेजार कसा टिकणार? एक भाऊ या टोकाला, दुसरा त्या टोकाला. म्हाताऱ्या माणसाला हाकेच्या अंतरावर कुणी राहिलं नाही, तर रुंद रस्त्याचं त्याला काय कौतुक?

आपल्याकडे गल्ली मोडायला भूकंप लागत नाही. सरकारी घरकुलाला किमान 25 चौरस मीटरचं बांधकाम लागतं, पैसे बेताचे, म्हणून पहिली कात्री ओसरीला लागते. ओसरी गेली की तुरी पाखडायला, शेंगा फोडायला बाया आत जातात. दार लोटलेलं, आत टीव्ही. शेजारीण आजारी आहे हे चार दिवसांनी कळतं.

म्हणून एवढंच सांगतो. नवं घर जरूर बांधा, लोखंड-सिमेंटात काटकसर करू नका. मात्र होईल तोवर जुन्याच जागेवर बांधा, दार गल्लीकडेच ठेवा, आणि पाया आखतानाच गवंड्याला चार फुटांची ओसरी सोडायला सांगा. खोली वर्ष-दोन वर्षांनी वाढवता येते, ओसरीची जागा एकदा भिंतीत गेली की परत मिळत नाही.