कुंडीची माती आणि रानाची माती

(पुणे शहरात झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी मुक्कामाला आलेल्यांपैकी काहीजण शहरात फेरफटका मारून आले. एका रोपवाटिकेत त्यांनी कोकोपीटच्या विटा रचलेल्या पाहिल्या. रात्री मुक्कामाच्या जागी एका तरुणाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला कोणी माणूस नारळाच्या काथ्याचा भुसा मातीत मिसळून गांजाची झाडे वाढवत होता. पोराने आम्हाला विचारले, "साहेब, हा भुसा आपल्या कपाशीला का चालणार नाही? आणि त्या झाडाला एवढा पैसा, मग आपणच ते का लावू नये?"

दोन्ही प्रश्न सरळ आहेत. त्यांना हसून टाळणारे आम्ही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. कोणत्याच पिकाला भाव नाही, खर्चही निघत नाही, हे त्याचे कारण होते. शहरातले लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. तो अर्ज गांजाचा नव्हता, तो जमाखर्चाचा होता.

पण कायदा काय आहे हे नीट ऐका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे विनापरवाना गांजाची लागवड केली, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. तुरीच्या ओळीत चार झाडे लपवली तरी गुन्हा तोच. आणि तो पैसा कशाचा आहे? तो तुरुंगाच्या भीतीचा भाव आहे. उद्या बंदी उठली आणि गावोगाव लागवड झाली, तर त्याचेही कपाशीसारखेच होईल. उत्तराखंडने परवान्याची वाट काढली ती नशा जवळपास नसलेल्या, धाग्याच्या वाणासाठी. पीक बदलल्याने भाव मिळत नाही. भाव मागून, भांडूनच मिळवावा लागतो.

भुसा करतो काय?

आता पहिला प्रश्न. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो ते कोकोपीट. स्पंजासारखे ते वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि तरी त्यात हवा खेळती राहते. कुंडीत मुळांना जागा असते बादलीएवढी. तेवढ्यात पाणीही हवे, हवाही हवी. म्हणून कुंडीवाला ते वापरतो, मग झाड कोणतेही असो. त्याच्याकडे रोज पाणी असते, आणि भुशात अन्न जवळपास नसल्याने तो पाण्यातून खतही देतो.

आपले रान म्हणजे कुंडी नव्हे. हिशेब करा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरच्या सहा इंचांची माती झाली सुमारे ६०० घनमीटर. तिच्यात दहावा हिस्सा भुसा मिसळायचा तर ६० घनमीटर, म्हणजे ६० हजार लिटर लागेल. पाच किलोची वीट भिजून फुगते साधारण ७० लिटर. म्हणजे एकराला साडेआठशेहून जास्त विटा! वीट शंभर रुपयांना धरली तरी ८५ हजार रुपये. आपल्या एकराचे वर्षाचे उत्पन्न किती, हे तुम्हीच मनाशी म्हणा.

शिवाय आपली काळी भारी जमीन मुळातच पाणी धरणारी. तिचे दुखणे वेगळे आहे. पहिल्या जोराच्या पावसात ती वरून बंद होते आणि पाणी वाहून जाते. उन्हात ती भेगाळते आणि ओल उडून जाते. त्यावर भुशाचा उपाय नाही.

आम्ही केलेली चूक

आम्ही शेतकीचे पदवीधर. पदवीची मस्तीही होती. फार वर्षांपूर्वी एका रानात आम्ही कच्चा, न कुजलेला भुसा पट्टाभर टाकायला लावला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तेवढाच पट्टा पिवळा पडला. कच्च्या भुशात नत्राच्या शंभरपटीहून जास्त कर्ब असतो. तो कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण रानात विसरलो. त्या शेतकऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, पट्टा तुमचा होता, ज्वारी माझी होती." ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

दुसरा धोका मिठाचा. किनाऱ्यावर सोडणे खाऱ्या पाण्यात मुरवतात. असा भुसा गोड्या पाण्याने चांगला धुवावा लागतो. चोपण रानात न धुतलेला भुसा टाकणे म्हणजे दुखण्यात भर घालणे.

मग वापर कुठे?

नांग्या भरायला. तीन फूट बाय दोन फूट अंतरावर एकरी सुमारे सव्वासात हजार झाडे बसतात. शंभरात पाच जागा रिकाम्या राहिल्या तर सुमारे ३६० रोपे लागतील. पेरणीच्या दिवशीच अर्ध्या लिटरच्या तेवढ्या पिशव्या भरून घ्या: एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. हिशेबाला एकच वीट पुरते. पंधरा-वीस दिवसांचे रोप ओल असताना मुळे न दुखवता लावा. तुरीची रोपे लावायची तरी हीच रीत. साडेआठशे विटांचे काम नाही, एका विटेचे आहे.

आपला भुसा आपल्याच बांधावर

रानात घालायला आपल्याकडे पऱ्हाटी आहे, ज्वारीची धसकटे आहेत. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की तिच्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्कामाला राहते. जाळली तर कर्ब धुरात जातो. ती यंत्राने बारीक करा, शेणकाला आणि थोडा युरिया घालून खड्ड्यात पूर्ण कुजवा, मगच रानात टाका. कच्ची टाकाल तर आमच्यासारखा पिवळा पट्टा दिसेल. यंत्र एकट्याला परवडत नाही, म्हणून गावाने मिळून आणावे.

याच पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. ते गाव आज महापालिकेच्या हद्दीत आहे. ताम्हणे आणि कानिटकर यांनी तिथे, आणि १९३३ पासून सोलापुरात जे काम उभे राहिले त्यातून, जे सांगितले गेले ते साधे होते: बांधबंदिस्ती, वखराच्या पाळ्या, शेणखत, कमी बियाणे, दीड फुटाच्या ओळी, वेळच्या वेळी कोळपणी. त्यात विकत आणायचे फार काही नव्हते, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

तर बैठकीतून घरी जाताना तीन गोष्टी न्या. यंदा पऱ्हाटी जाळायची नाही. विटा घ्यायच्याच तर रोपांपुरत्या. आणि एकरी खर्चाचा कागद प्रत्येकाने लिहून पुढच्या बैठकीला आणायचा. मोहोळच्या त्या शेतकऱ्याने अर्जात जे एकट्याने म्हटले, ते आपण हजारांनी, आकड्यांसह म्हणू. तेव्हा कोणाला हसता येणार नाही.