दिवाणी दावा आणि दहशत



मे २०१८ मध्ये एका तरुणीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात प्रख्यात अमेरिकन गायक आर. केली याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराबद्दल नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. पाठोपाठ केलीचा सल्लागार म्हणविणारा एक इसम पुढे सरसावला: दावा मागे घे, नाहीतर तुझी विवस्त्र छायाचित्रे चव्हाट्यावर येतील! जून २०२० मध्ये फ्लोरिडात दुसऱ्या एका पीडितेच्या मुक्कामाबाहेरची मोटार पेटवून देण्यात आली.

फौजदारी खटल्यात निदान नावापुरते तरी सरकार फिर्यादी असते. दिवाणी दाव्यात वादी स्त्री एकटी. वकील तिने द्यायचा, पुरावा तिने जमवायचा, साक्षीदारही तिनेच उभे करायचे; प्रतिपक्षाच्या हाती मात्र तिजोरी आणि माणसे. धमकी देणाऱ्याला २० महिन्यांची कैद झाली खरी, पण ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि तीही सरकारने फौजदारी कारवाई हाती घेतल्यावर.

भारतात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. पाऊल स्वागतार्हच! परंतु ती योजना ठरावीक फौजदारी गुन्ह्यांपुरती होती. मालकाविरुद्ध केवळ दिवाणी दावा लावणारी कामगार स्त्री, अथवा तिच्या बाजूने साक्ष देणारी सहकारीण, त्या योजनेच्या कक्षेबाहेरच राहिली.